लगाम आपल्या हाती, क्लच आपल्या पायाखाली

गेल्या वर्षी आमच्या घराण्यात पहिली कोरी गाडी आली. थोरल्या भावाच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, नोकरीच्या जोरावर कर्ज काढून ती घेतली. तरुण पोर, तेव्हा गाडीही तशीच घेतली. टर्बो पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे सहा गिअर आणि मागे ‘स्पोर्ट’ अशी अक्षरे. गाडी दारात लागली तेव्हा आईने तिला फुले वाहिली, आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले आणि मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लावले. ज्या घरात आजोबांनी दुसऱ्याची बैलगाडी धुतली, त्या घराच्या दारात स्वतःची मोटार उभी होती. आनंद किती झाला ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

पण या लेखाचा विषय आनंद नाही, फजिती आहे. आणि त्या फजितीतून जे शिकलो ते आहे.

7 नोव्हेंबरला आम्ही सांगलीहून साताऱ्याला निघालो. 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते, आणि हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेला वंदन करायचे आणि माता भीमाबाईंच्या समाधीचे दर्शन घ्यायचे, ही आईची फार दिवसांची इच्छा. पुतण्याला सुट्टी नव्हती. तो म्हणाला, “काका, तुम्हीच घेऊन जा आजीला. तुम्ही काय नवखे आहात?”

खरेच, मी नवखा नव्हतो. जुनी मारुती 800 मी चौदा वर्षे चालवली. आष्टा, पेठ नाका, कराड असा रस्ता मोकळा होता. हमरस्त्यावर गिअर फारसे बदलावे लागत नाहीत, त्यामुळे सारे सुरळीत गेले. सातारा गाव मात्र अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर वसलेले. तिथे एका चढावर पुढची रिक्षा थांबली, मीही थांबलो. निघताना माझ्या डाव्या पायाने चौदा वर्षांच्या सवयीने क्लच सोडला. गाडीने एक झटका दिला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी ती हातभर मागे सरकली. मागून हॉर्नचा गदारोळ. एक मोटारसायकलवाला काचेशी येऊन म्हणाला, “चालवता येत नाही तर घेता कशाला?”

त्याने मागच्या काचेवरची अक्षरे वाचली होती की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित तो कुणालाही तसेच बोलला असता. पण ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले. आपल्या माणसाला अशी वाक्ये नेहमी दोनदा ऐकू येतात.

आईने सांगितलेली गोष्ट

दर्शन झाल्यावर झाडाखाली भाकरी खात बसलो. मी गप्प होतो. आई म्हणाली, “त्या माणसाचं बोलणं सोड. पण तू मागं सरकलास त्याचं काय? मागं एखादं लेकरू असतं म्हंजे? चाळीसगावात बाबासाहेबांच्या पायाला काय झालं, ठावं हाय न्हवं?”

ठाऊक होते, पण अशा अंगाने मी कधी विचार केला नव्हता. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत दोन गाड्या आहेत. पहिली आपल्याच सातारा जिल्ह्यातली, 1901 सालची. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार असलेल्या वडिलांकडे लहानगा भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले निघाली. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि अट अशी की बैलगाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. लहान मुलांनी हातात कासरा घेतला तो असा. वाटेत त्यांना प्यायला पाणीही मिळाले नाही.

दुसरी गाडी 23 ऑक्टोबर 1929 ची, चाळीसगावची. सामाजिक बहिष्काराची चौकशी करायला बाबासाहेब तिथे उतरले होते. महारवाड्यातील मंडळी स्वागताला आली. पण एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, पण हाकायला तो बसला नाही. बाबासाहेबांनी पायी यावे हे आपल्या लोकांना पटेना. म्हणून त्यांच्यातलाच एकजण हाकायला बसला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. थोडे अंतर गेल्यावर मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे पुलावर चाक अडकले, घोडा टांग्यासह खाली नदीत गेला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पायाचे हाड मोडले.

दोष कुणाचा? पहिला दोष अस्पृश्यतेचा, हे निर्विवाद. पण आपल्या त्या बांधवाच्या मनात प्रेम होते, मान राखण्याची तळमळ होती, फक्त हाताला सवय नव्हती. तळमळीने चाक सरळ चालत नाही. गाडीवर बसण्याचा हक्क मिळाला, तरी गाडी चालवण्याचे कसब शिकूनच घ्यावे लागते.

दादाची शाळा

माझा थोरला भाऊ एस.टी.च्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाला. पुढच्या रविवारी त्याने मला विश्रामबागच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात नेले. सांगली सपाट, शिकायला उत्तम. मी क्लच दाबून सोडताच तो ओरडला, “आरं, गाडीला लाथ मारतूस व्हय?”

मग त्याने समजावले. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती सतत फिरत असते. तिच्याजवळ गिअरबॉक्सकडे जाणारी क्लच प्लेट असते. प्रेशर प्लेटची स्प्रिंग या दोहोंना घट्ट दाबून धरते आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जातो. आपण क्लच दाबतो तेव्हा हा दाब सुटतो. क्लच सोडतो तेव्हा फिरती चकती आणि थांबलेली प्लेट एकमेकींना घासत घासत एका वेगाला येतात. त्या घासण्याला थोडा अवधी द्यावा लागतो. तो न दिला तर झटका बसतो, गाडी बंद पडते. फार दिला तर प्लेट तापते, जळका वास येतो आणि तिचे आयुष्य संपते.

“मग माझ्या 800 ला हे जमत होतं ते?” मी विचारले.

दादा म्हणाला, “ती लहान इंजिनाची. हिच्या इंजिनाला जोर जास्त, म्हणून स्प्रिंग कडक. शिवाय तुझ्या जुन्या गाडीचा क्लच वायरचा. प्लेट झिजून तो पार वर आल्यावर धरायचा. ही कोरी. हिचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो आणि खालीच धरतो. तुझा पाय अजून जुन्या जागेवर शोधतोय.”

स्पोर्ट प्रकारच्या गाड्यांत हे जास्त जाणवते. पायाला क्लच जड लागतो आणि धरण्याची जागा अरुंद असते. टर्बो इंजिनात अगदी कमी फेऱ्यांवर जोर कमी असतो, त्यामुळे घाई केली की गाडी लगेच मान टाकते. त्यात गाडीचा दोष नसतो आणि आपला कमीपणाही नसतो. फक्त ओळख व्हायची असते.

ओळख कशी करून घ्यावी

दादाने दिलेले धडे इथे देतो. आपल्यातील अनेक तरुण टेम्पो, टॅक्सी, स्कूल बस चालवून घर चालवतात. रोज नव्या गाडीवर बसावे लागते, त्यांनाही उपयोग होईल.

आधी आसन नीट करा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणला गेला तर क्लचची जाणीव होत नाही. जाड तळव्याची चप्पल नको. पातळ तळव्याचा बूट बरा.

सपाट जागी पहिला गिअर टाका आणि ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावूच नका. क्लच अगदी सावकाश वर येऊ द्या. एका जागी इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो आणि गाडीला बारीक कंप येतो. तीच क्लच धरण्याची जागा. तिथे क्षणभर पाय थांबवा, गाडी पुढे सरकू द्या, मग उरलेला क्लच सोडा. असे वीस-पंचवीस वेळा करा. मात्र मधूनमधून विश्रांती द्या, नाहीतर प्लेट तापते.

चढावर हँडब्रेक ओढा. पहिला गिअर टाकून क्लच त्या जागेपर्यंत आणा. गाडीचे नाक जरा उचलल्यासारखे झाले की थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि हँडब्रेक सोडा. नव्या काही गाड्या चढावर दोनेक सेकंद आपोआप ब्रेक धरून ठेवतात, पण त्यावर विसंबू नका.

चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून उभी करू नका. धावत्या गाडीत क्लचवर पाय ठेवून बसू नका. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका. इंजिनाचा अटकाव जातो, सारा भार ब्रेकवर येतो. कोऱ्या गाडीला पहिले काही शे किलोमीटर जोरात पळवू नका. नव्या प्लेटलाही बसायला वेळ लागतो.

दोन रविवार मी हेच केले. तिसऱ्या रविवारी पाय आपोआप थांबू लागला.

मला या काळात भिक्खू सोणाची कथा आठवत होती. सोण श्रीमंताचा मुलगा, पावले अतिशय कोमल. चंक्रमण करून करून पावलांतून रक्त आले, तरी मन शांत होईना, म्हणून तो निराश झाला. भगवान बुद्धांनी त्याला वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, फार सैल सोडल्या तरीही नाही. प्रयत्नही तसाच, समतोल हवा. पाय दाबूनही ठेवायचा नाही आणि सोडूनही द्यायचा नाही, हे मला सांगलीच्या मैदानात कळले.

पुढे 3 जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला आम्ही त्यांच्या जन्मगावी, खंडाळा तालुक्यातील नायगावला गेलो. परतताना खंबाटकीच्या जुन्या घाटात वाहनांची रांग लागली. ट्रक पुढे, एस.टी. मागे. चढावर थांबायचे, निघायचे, असे कितीतरी वेळा झाले. गाडी एकदाही बंद पडली नाही, बोटभरही मागे सरकली नाही. माथ्यावर आल्यावर मागे बसलेली आई म्हणाली, “आता बरं वाटलं. डोळा लागला होता माझा.” यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणत्या चालकाला हवे?

वाचक बंधू-भगिनींनो, एक विनंती करतो. एजंटाला पैसे देऊन लायसन्स काढण्याची वाईट चाल सगळीकडे आहे. आपण तिच्या वाटेला जाऊ नका. अठरा वर्षे पूर्ण झाली की शिकाऊ लायसन्स काढा. ते सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. मधल्या दिवसांत खरोखर शिका. मुलींनाही शिकवा, माझ्या पुतणीने या दिवाळीत क्लच धरायला सुरुवात केली आहे आणि ती माझ्यापेक्षा लवकर शिकते आहे.

मसूरच्या वाटेवर लहान मुलांच्या हाती कासरा आला, तो अपमानातून. आज आपल्या हाती चाक आले आहे, ते बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या हक्कांतून. ते सांभाळून चालवणे, आपल्या मागे बसलेल्या आईला आणि रस्त्यावरच्या परक्या लेकरालाही सुखरूप ठेवणे, हीसुद्धा त्यांना वाहिलेली आदरांजलीच आहे.

जय भीम!