पैसे घेताना पिन नाही

तीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर कॅश मोजली. खोटी नोट बोटांना लगेच कळायची. फोनवरचा गोड आवाज असा कळत नाही.

गेल्या श्रावणात शेजारच्या काकू धापा टाकत आल्या. जुना सोफा विकायला काढला होता. घेणाऱ्याने क्यूआर कोड पाठवून सांगितलं, ‘स्कॅन करा, पिन टाका, पाच हजार जमा होतील.’ पैसे जमा झालेले दिसेनात म्हणून त्याने पुन्हा पिन टाकायला लावला. दहा हजार गेले. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

‘यांना सांगू नकोस गं,’ काकू म्हणाल्या. ही लाजच चोराच्या पथ्यावर पडते. मी तिथूनच १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठीची ही सरकारी हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी कळवलं, तर ते गोठवता येतात. मग बँकेला कळवून तक्रार क्रमांक घेतला. निम्मे पैसे परत आले, निम्मे बुडाले.

आणखी दोन गोष्टी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लग्नपत्रिकेच्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नसून अ‍ॅप असतं आणि ते तुमचे ओटीपी वाचू शकतं. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ आपल्या कायद्यात नाहीच. व्हिडिओ कॉलवर पोलीस अटक करत नाहीत.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये १९३० हा नंबर आजच सेव्ह करून द्या.