कोठ्यातले शत्रू (भाग ५) : औषध पचवणारा गोचीड

‘औषध मारलं, तरी चार दिवसांत गोचीड जसेच्या तसे!’ ही तक्रार ऐकली की आपण आधी कृषी केंद्रवाल्याला दोष देतो. कधी माल खरंच भेसळीचा असतो. पण पुष्कळदा औषध चोख असतं, गोचीड बदललेला असतो.

वर्ध्याच्या कापूसवाल्याला हे नवीन नाही. १९८०च्या दशकात सायपरमेथ्रिनच्या कुळातली औषधं कपाशीवर आली आणि १९८७मध्ये आंध्रात हिरव्या बोंडअळीने ती पचवली. ढोरांवर आपण मारतो ते डेल्टामेथ्रिन याच कुळातलं. ते गोचिडाच्या मज्जातंतूतलं सोडियमचं दार उघडंच अडकवून ठेवतं, मग गोचीड लुळा पडून मरतो. एखाद्याच्या दाराची घडण मात्र जन्मतःच जराशी वेगळी असते, तिथे औषध बसतच नाही. काहींच्या अंगात औषध फोडणारी विकरं जास्त असतात. बाकीचे मेले की रान यांनाच मोकळं. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत दोन-तीन हजार अंडी घालून मरते. तिच्या पिल्लांतही हाच चिवटपणा उतरतो. ऑस्ट्रेलियात तर गुरं सोमलाच्या हौदातून काढत. तिथल्या गोचिडांनी १९३०च्या दशकातच सोमल पचवला, पुढे डीडीटीही.

आपल्याकडे या कामाला आपणच हातभार लावतो. कपाशीचं उरलेलं औषध अंदाजाने पंपात ओततो, पाठ भिजवतो आणि कानाची आतली बाजू, गलकंबळ, कास, शेपटीखालची जागा कोरडी सोडतो. अर्धवट डोसात अर्धवट चिवट गोचीडही तगतात. वर कपाशीचं औषध ढोरासाठी बनवलेलंच नसतं.

बाटली बदलून भागत नाही. नाव नवं, लेबल नवं, मागच्या बारीक अक्षरांत पुन्हा डेल्टामेथ्रिनच! कूळ बदलायचं तर अमिट्राझ आहे, तेही डॉक्टरांना विचारून. आयव्हरमेक्टिनचा अंश दुधात उतरतो, म्हणून दुभत्या गाईला ते टोचू नये.

आपल्या गवळाऊवर गोचीड तुलनेने कमी टिकतात, जर्सी-होल्स्टीनच्या संकरित गाईवर जास्त. दुधाचा हिशेब मांडताना हा खर्च कुणी धरत नाही, हे मला खटकतं.

शिवाय ढोराच्या अंगावर दिसतात ते थोडेच. हा गोचीड अंगावर साधारण तीन आठवडे असतो. बाकी अंडी आणि उपाशी पिल्लं भेगांत, गवतात. ती पिल्लं कित्येक आठवडे वाट पाहू शकतात. म्हणून भेगा लिंपणं, कोपरे झाडून कचरा जाळणं फवारणीइतकंच गरजेचं.

औषध खरंच हरलंय का, हे तपासता येतं. फुगलेल्या जिवंत माद्या झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या डबीत घ्या आणि डॉक्टरांमार्फत पशुवैद्यक महाविद्यालयात तपासणीची सोय होते का ते विचारा. माद्या औषधात बुडवून काढतात आणि त्या अंडी घालतात का, हे काही दिवस पाहतात.

पुढच्या आठवड्यात : गोचिडांमधून येणारा थायलेरिया.