फोनमध्ये आहे, पण खेळता येत नाही

बालाघाट असो की बारामती, 30 ऑक्टोबर 2020 नंतर पब्जी मोबाइल उघडणाऱ्याच्या फोनमध्ये गेम जागच्या जागी होता: नकाशे, बंदुका, आवाज, सगळा पसारा. तरी सामना काही सुरू होईना. 2 सप्टेंबरला केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी घातली होती आणि आता भारतापुरते सर्व्हरही बंद झाले होते. शंभर खेळाडूंपैकी कोण कुठे उभा आहे, गोळी नेमकी कुणाला लागली, याचा निवाडा सर्व्हर करतो. फोन चित्र काढतो आणि बोटांचे हुकूम पुढे धाडतो, एवढेच. म्हणजे आपल्या हाती असते ती खिडकी, घर दुसऱ्याचे.

सरकारनेच बंदी घातल्यावर कंपनी काय करणार, हा प्रश्न रास्त आहे. पण युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या 2014 च्या मोटार शर्यतीवर कुणाचीच बंदी नव्हती. तरी 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेली डिस्क निकामी ठरली. एकट्याने खेळायलाही नेट लागायचे, तेही माझ्या मते उगाचच. सर्व्हरला खर्च येतो, कबूल. मात्र ते कायम चालवा, असे कोण म्हणतेय? गाशा गुंडाळताना ऑफलाइन सोय द्या, इतकेच मागणे आहे. ओरड झाल्यावर याच कंपनीने ‘द क्रू 2’साठी तशी सोय जाहीर केलीच. मारिओच्या जुन्या कॅसेटला अशी सोय लागत नाही. खेळाचे सगळे नियम तिच्या आतल्या चिपमध्येच असतात.