जमिनीच्या पोटातला नकाशा



पाणाड्या हातावर नारळ घेऊन शेतभर फिरतो, बोअरची गाडी येते, दोनशे फुटांपर्यंत नुसती धूळ उडते. गाडी निघून जाते. कर्जाचे हप्ते मात्र आपल्या गळ्यात राहतात. मग शेजारच्या विहिरीलाच पाणी का?

आपल्या राज्याचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग काळ्या खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस पुन्हा पुन्हा वाहिला आणि भाकरींच्या चवडीसारखे थरावर थर बसले. घट्ट पाषाणात भेगा नसतील तर पाणी शिरत नाही. वरचा मुरूम आणि झिजलेला, भोकाभोकांचा मांजऱ्या खडक मात्र पाणी धरतो.

साध्या नकाशात गावाची लांबी-रुंदी दिसते, खोली दिसत नाही. त्रिमितीय नकाशात तीही असते. समजा, ओढ्याकाठच्या आपल्या विहिरीत तीस फुटांवर मांजऱ्या लागला. वरच्या वाडीतली जमीन आपल्यापेक्षा चाळीस फूट उंच आहे आणि तिथे तो सत्तर फुटांवर लागला. सत्तरातून चाळीस वजा करा, उरले तीस! म्हणजे दोन्हीकडे बहुधा एकच थर आहे. वर जास्त उपसा झाला, तर खाली आपली विहीर आटू शकते.

अशा अनेक विहिरींची माहिती जोडून संगणक जमिनीचं चित्र तयार करतो. वडी कापावी तशी जमीन हवी तिथे कापून पाहता येते. हा थर उघडा पडतो तिथे चर खणले, तर पाणी आत मुरतं. घट्ट पाषाणावर अडवलेलं पाणी बरंचसं उन्हानेच उडून जातं.

पण जिथली माहिती नाही, तिथे संगणकही अंदाजच करतो. म्हणून गटाने एक वही घालावी. विहीर किंवा बोअर खणताना दर दहा फुटांचा चुरा वेगळा ठेवा. रंग कुठे बदलला, ओल कुठे लागली ते लिहा. मे आणि ऑक्टोबरमध्ये कठड्यावरच्या एकाच खुणेपासून पाण्याची खोली मोजा. मग ही वही घेऊन जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात जा आणि गावाच्या थरांची माहिती मागा.

पुढच्या बोअरसाठी अंगठा उठवण्याआधी, बायांनो, ही वही ग्रामसभेत उघडा. एकाच थराचं पाणी सगळ्यांचं असतं. ते किती उपसायचं, हेही सगळ्यांनी मिळूनच ठरवायला हवं.