रेणूचे चित्र आणि औषधाचा शोध

सत्तरी तालुक्यात 'माकडताप' हे नाव आता कोणालाही नवे नाही. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा रोग २०१५ साली आपल्या गावांपर्यंत आला. गोचिडीच्या चाव्यातून त्याचा विषाणू शरीरात शिरतो. म्हणून काजूच्या हंगामात बागायतीत जाणाऱ्यांना धोका अधिक. या विषाणूवर खास असे औषध अजून नाही. मग अशी औषधे शोधतात तरी कशी?

औषधाचा रेणू पुष्कळदा एखाद्या प्रथिनाच्या खाचेत, कुलपात किल्ली बसावी तसा बसतो आणि त्याचे काम बंद पाडतो. परंतु कुलूप पाहिल्याशिवाय किल्ली घडवणार कशी?

क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथिनातील अणूंची स्थाने ठरवता येतात. प्रत्येक स्थान तीन आकड्यांत लिहितात. एड्सच्या विषाणूची लांब प्रथिनसाखळी कापून तिचे उपयोगी तुकडे करणारे एक कात्रीसारखे प्रथिन आहे. त्याची रचना १९८९ साली समजली. हायड्रोजन सोडून त्यात सुमारे दीड हजार अणू, म्हणजे साडेचार हजार आकडे! ते नुसते वाचून खाच कोणाला दिसेल?

येथे संगणक मदतीला येतो. तो आकड्यांचे चित्र करून पडद्यावर हवे तसे फिरवून दाखवतो. एकाच गावाचा एक नकाशा डोंगर-ओहोळ दाखवतो, तर दुसरा शेतांच्या हद्दी. तसेच येथेही आहे. साखळीची वळणे पाहायची तर फितीसारखे चित्र, खाचेची खोली पाहायची तर पृष्ठभागाचे. ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा, हे रंग मात्र आपणच दिलेले. वरील रचना समोर ठेवून घडवलेल्या 'नेल्फिनाविर' या औषधाला १९९७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

तरीही चित्र म्हणजे औषध नव्हे. पडद्यावरचे प्रथिन स्थिर दिसते. शरीरात ते सतत हालत असते. चित्रात चपखल बसणारा रेणू पेशीत निष्फळ किंवा विषारीही ठरू शकतो. म्हणून प्रयोगशाळेची परीक्षा कोणालाच चुकत नाही.

माकडतापाच्या विषाणूपाशीही साखळी कापणारे प्रथिन आहे; पण त्याची खाच निराळी, तेव्हा एड्सची किल्ली तेथे चालणार नाही. नवी घडवावी लागेल. ते कुलूप नीट पाहणारा डोळा आपल्याच महाविद्यालयातून का तयार होऊ नये?