शस्त्राआधी सबुरी

कर्करोग म्हटला की तो तत्काळ कापून काढावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे; आणि बहुतेक कर्करोगांच्या बाबतीत ती हितावहही आहे. परंतु गळ्याच्या पुढील भागी फुलपाखराच्या आकाराची जी थायरॉईड ग्रंथी असते, तिच्यातील पॅपिलरी नावाच्या मंदगती कर्करोगाने वैद्यकशास्त्राला निराळा विचार करावयास लावले आहे.

अन्य कारणांनी मृत्यू आलेल्या माणसांच्या शवविच्छेदनात या रोगाच्या बारीक गाठी पुष्कळदा आढळतात. हयातीत त्यांनी काहीच त्रास दिलेला नसतो. मग अशी प्रत्येक गाठ काढलीच पाहिजे काय? जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयात डॉ. अकिरा मियाउची यांच्या सूचनेवरून १९९३ साली याचा शोध सुरू झाला. एक सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या रुग्णांपुढे दोन मार्ग ठेवण्यात आले: शस्त्रक्रिया, किंवा नियमित सोनोग्राफी करून गाठीवर पहारा. पहाऱ्याखालील १२३५ रुग्णांचा वृत्तांत २०१४ साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत सुमारे ८ टक्के रुग्णांची गाठ ३ मिलिमीटर वा अधिक वाढली; ३.८ टक्क्यांच्या मानेतील लसिकाग्रंथींत रोग दिसला. या रोगाने मात्र एकही रुग्ण दगावला नाही. २०१५ साली अमेरिकन थायरॉईड असोसिएशननेही निवडक रुग्णांसाठी हा मार्ग मान्य केला.

शस्त्रक्रियेलाही मोल द्यावे लागते. स्वरयंत्राच्या मज्जातंतूला इजा झाल्यास आवाज बसतो. शेजारच्या परावटू ग्रंथी दुखावल्यास रक्तातील कॅल्शियम उतरते. संपूर्ण ग्रंथी काढल्यास जन्मभर रोज गोळी घ्यावी लागते. अर्धीच ग्रंथी काढणे हा मधला मार्ग होय; त्यात गोळी पुष्कळांना टळते.

तथापि सबुरी म्हणजे हयगय नव्हे. गाठ श्वासनलिकेला वा मज्जातंतूला भिडलेली असेल, किंवा रोग लसिकाग्रंथींत पोहोचला असेल, तर थांबणे योग्य नाही. तरुणांत गाठ वाढण्याचा संभव अधिक, साठीनंतर तो कमी. ज्याला नियमित तपासणी जमणार नाही, किंवा गाठीच्या विचाराने ज्याची झोप उडाली आहे, त्याला शस्त्रक्रियाच बरी.

निदानाच्या धक्क्यात घाईने होकार देण्यापूर्वी रुग्णाने डॉक्टरांना एवढे अवश्य विचारावे: थांबले तर काय होईल? हा प्रश्न भित्रेपणाचा नसून शहाणपणाचा आहे.