गाडीच्या एसीचा सूर्यप्रकाश सेन्सर: तपासायचा तो उन्हातच

आजचा विषय शर्टाच्या बटणाएवढा आहे. डॅशबोर्डवर, पुढच्या काचेच्या अगदी जवळ, एक छोटा काळपट घुमट दिसतो. तो सूर्यप्रकाश सेन्सर, म्हणजेच सनलोड सेन्सर. ज्या गाडीत ऑटोमॅटिक एसी आहे, त्यातच तो असतो. हाताने बटण फिरवायच्या साध्या एसीत त्याचं काम नाही.

आधी हा हवाच कशाला, ते पाहू. केबिनच्या हवेचं तापमान मोजायला वेगळा सेन्सर असतोच. पण हिवाळ्यात सकाळी अंगणात बसून बघा. हवा गार असते, तरी कोवळ्या उन्हानं अंग तापतं. गाडीतही तसंच. हवा २५ अंशांवर असली तरी काचेतून येणारं ऊन थेट अंगावर पडतं आणि माणसाला उकडतं. ते ऊन हवेच्या सेन्सरला लगेच कळत नाही. म्हणून हा दुसरा सेन्सर. आत फोटोडायोड असतो. त्यावर जेवढं ऊन पडेल, तेवढा त्यातून जाणारा करंट वाढतो. एसीचा कंट्रोलर त्यावरून ब्लोअरचा वेग आणि हवेचा गारवा वाढवतो.

आता आमचीच एक चूक सांगतो. सांगलीचे एक गृहस्थ साताऱ्याला आमच्याकडे गाडी घेऊन आले. म्हणाले, "मिस्त्री, सकाळी येताना एसी झकास असतोय. पण दुपारनंतर परत जाताना उजव्या अंगानं नुसतं भाजतंय बघा." बरोबरच होतं त्यांचं. सातारा, कराड, पेठ नाका, आष्टा असं दक्षिणेकडे उतरताना दुपारनंतरचं ऊन उजवीकडून, म्हणजे ड्रायव्हरच्या अंगावर येतं.

आम्ही गाडी शेडमध्ये घेतली, एसीची स्वतपासणी चालवली. कोड आला २१. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत हा कोड सूर्यप्रकाश सेन्सरचा. आम्ही नवा सेन्सर मागवला, बसवला, कोड पुसला, पुन्हा पाहिलं. परत २१! मग गाडी बाहेर उन्हात काढली, तर कोड गायब. जुना सेन्सर पुन्हा लावून पाहिला, तरी कोड नाही. म्हणजे जुना चांगलाच होता.

झालं होतं असं. पुरेसं ऊन नसलं की करंट इतका कमी असतो, की कंट्रोलरला तार तुटल्यासारखंच वाटतं. अंधाऱ्या जागी तपासलं तर सेन्सर चांगला असूनही हा कोड येऊ शकतो. आमच्या शेडमध्ये एलईडी दिव्यांचा लख्ख उजेड होता, पण तो आपल्या डोळ्यांपुरता. सिलिकॉनचा फोटोडायोड डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जास्त ओळखतो. ते उन्हात भरपूर असतात, ट्यूबलाइट आणि एलईडीत फारच कमी.

मग गाडीत दुपारी भाजत का होतं? मालक न्यायला आले, तेव्हा कळलं. आम्ही काढून ठेवलेलं मखमली कापड त्यांनी डॅशबोर्डवर नीट अंथरलं आणि वर गणपतीची मूर्ती ठेवली. सेन्सर बरोबर कापडाखाली! एसीच्या हिशेबी गाडीत भरदुपारीही रात्रच. आम्ही जुना सेन्सर राहू दिला, पैसे परत केले आणि कापडाला सेन्सरपुरती खाच पाडली. बाप्पा चार बोटं बाजूला सरकले.

तेव्हापासून आम्ही एक क्रम ठरवला आहे. तो तुम्हीही पाळा.

पहिलं, एसी ऑटोवर आणि तापमान मधल्या आकड्यावर, समजा २५ वर, ठेवा. अगदी खालच्या टोकावर ठेवलं तर एसी पूर्ण ताकदीनेच चालतो, उन्हाचा फरक दिसत नाही. आणि हवा मुळातच गार येत नसेल तर दोष गॅस, कॉम्प्रेसर किंवा कंडेन्सरच्या पंख्याकडे शोधा. हा सेन्सर गारवा कमीजास्त करायला सांगतो, तयार करत नाही.

दुसरं, डॅशबोर्ड बघा. कापड, मोबाईलचा स्टँड, हार, धूळ, सगळं बाजूला करा.

तिसरं, गाडी उन्हात उभी करा, जुना कोड पुसा, मग नव्याने वाचा. पावसाळ्यात साताऱ्याला ऊन दिसत नाही, तेव्हा जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा बल्ब वापरा. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक तापणार नाही इतका लांब धरा.

चौथं, स्कॅनरवर सेन्सरचा आकडा लावून ठेवा आणि सेन्सर जाड फडक्याने झाका, मग उघडा. आकडा हलला पाहिजे. स्कॅनर नसेल तर कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागून मीटर लावा. काही गाड्यांत ऊन वाढलं की व्होल्ट उतरतात, काहींत चढतात. म्हणून आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा. ब्लोअरकडे बघून मात्र घाई करू नका. रस्त्याकडेच्या झाडांच्या सावलीत पंखा सारखा वरखाली होऊ नये म्हणून कंट्रोलर मुद्दाम सावकाश प्रतिसाद देतो.

पाचवं, आकडा हललाच नाही तर कनेक्टरच्या पिना आणि तार तपासा. सेन्सर सुटा करून ओहममध्ये मोजणार असाल तर लक्षात ठेवा, तो डायोड आहे. मीटरच्या तारा उलट लावल्या की उत्तर बदलतं. दोन्ही बाजूंनी, झाकून आणि उन्हात, मोजा. एवढं सगळं करूनही फरक दिसला नाही, तरच नवा सेन्सर मागवा.

उलटा दोषही असतो. रात्रीसुद्धा एसी भर उन्हात असल्यासारखा जोरात सुटतो. तेव्हा झाकल्यावरही आकडा उन्हाचाच दिसतो का, ते पाहा. बहुतेकदा तारा कुठेतरी एकमेकींना चिकटलेल्या असतात.

कोड आपल्याला फक्त रस्ता दाखवतो, निकाल आपणच द्यायचा असतो. ग्राहकाच्या खिशाला हात घालण्याआधी गाडी शेडबाहेर काढायला दोन मिनिटं लागतात. ती आम्ही तेव्हा दिली नव्हती. बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.